नंबराला लावलेलं पोवळं

रत्नागिरीच्या स्टँडवर कंडक्टरने माझी बादली अडवली. मासे असतील तर टपावर टाका, म्हणाला. बादलीवर झाकण, झाकणावर ओलं गोणपाट आणि वरून सुतळी, असा एकूण थाट होता. आत काहीतरी चोरीचं आहे असंच कुणालाही वाटलं असतं. मासे नाहीत, पोवळं आहे, असं मी सांगितलं. त्याने एकदा माझ्या बोटांकडे पाहिलं आणि एकदा बादलीकडे. बादलीभर पोवळी घेऊन एस.टी.ने निघालेली बाई त्याने आजवर पाहिली नसावी. शेवटी झाकण उघडून दाखवावं लागलं. आत समुद्राचं पाणी होतं आणि तळाशी मुठीएवढा तपकिरी दगड. ते पाहून त्याने मला मागच्या बाकावर बसू दिलं, पण वेड्या माणसाला वाट करून देतात तशा सुरात.

तो दगड नव्हता, एवढं वाचकांना आधीच सांगून ठेवते. पोवळं हा प्राणी आहे. एक नव्हे, शेकडो बारीक प्राण्यांची वसाहत. ते चुनखडीचं घर बांधतात आणि त्यात दाटीवाटीने राहतात. त्यांच्या मऊ अंगात, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही असं शेवाळ राहतं. प्राणी शेवाळाला जागा देतो, शेवाळ उन्हावर अन्न करून प्राण्याला भरवतं. पोवळ्याचा तपकिरी रंग हा खरा त्या शेवाळाचा. मी तेव्हा किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होते आणि हे सगळं मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ असणं आणि कळणं यांत केवढं अंतर आहे ते या प्रवासात समजलं.

प्रवासाचं कारण महानंदा. कोल्हापूरच्या वसतिगृहात आम्ही दोघी दोन वर्षं एका खोलीत राहिलो. लग्नानंतर ती रेणापूरजवळच्या एका लहान गावात गेली आणि तिथल्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. पुस्तकात पोवळ्याचं काळंपांढरं चित्र होतं, ते फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं दिसायचं. हे जिवंत असतं हे तिच्या सातवीच्या मुलींना काही केल्या पटेना. मग बाईंनी सांगून टाकलं की लातूरच्या विज्ञान प्रदर्शनात मी तुम्हाला जिवंत पोवळं दाखवीन. त्यातल्या एकीनेही समुद्र पाहिलेला नव्हता. महानंदाने मला लिहिलं, "मुलींना शब्द दिलाय आणि तो तुझ्या जिवावर दिलाय. मुख्याध्यापक आत्ताच हसतायत." मी तीन आठवड्यांची रजा टाकली, ओहोटीच्या वेळी एका अंधाऱ्या कपारीतून हा गोळा अलगद सोडवला, आणि बादली व समुद्राच्या पाण्याचा एक कॅन घेऊन निघाले.

सोलापूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरला उतरले. लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि गावाला अजून त्याची सवय व्हायची होती. पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' केलेलं, पण नव्या रंगाखालून जुनी अक्षरं डोकावत होती. नवीन कचेऱ्या, नवीन जिपा, आणि त्या सगळ्यांवर एकच धूळ. पाऊस लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवून गेला होता. स्टँडवरच्या हॉटेलात चहा मिळाला, पाण्याचा पेला मागितला तर पोऱ्याने मालकाकडे पाहिलं, मालकाने माझ्या बादलीकडे. "बाई, एवढं पाणी संगट हाय की तुमच्या," तो म्हणाला. खारं आहे, असं मी म्हटलं. समुद्राचं पाणी इथवर कशाला आणलं, हा त्याचा पुढचा प्रश्न फार रास्त होता. उत्तर देईपर्यंत रेणापूरची गाडी लागली.

महानंदाचं सासर म्हणजे तिचे सासरे अप्पा, सासू अव्वा (कन्नडात आई, या भागात घरोघर हाच शब्द) आणि उदगीरला नोकरी करणारा, आठवड्याने येणारा नवरा. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग आणि दारात पाऊल ठेवणाऱ्याला "शरणु शरणार्थ". हात धुवायला अव्वांनी अर्धा पेला पाणी दिलं, तेही परातीत धुवायचं. ते नंतर शेळीला गेलं. जेवण मात्र हात राखून नव्हतं. ज्वारीची पातळ भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डाळवांगं आणि पाहुणी म्हणून हुग्गी (गव्हाची गुळातली खीर). ताटं राखेने घासून कोरड्या फडक्याने पुसलेली. त्या घरात पाण्याशिवाय काहीच कमी नव्हतं आणि पाणी कमी आहे असं कुणी बोलूनही दाखवत नव्हतं.

बादली ओसरीच्या कोपऱ्यात सावलीला ठेवली. शाळेच्या शिपायाकडून सायकलचा पंप मागून आणला आणि त्याने सकाळ-संध्याकाळ पाण्यात हवा सोडू लागले. समुद्रात लाटा करतात ते काम. शेजारपाजारच्या बायका ते बघायला येऊन बसत. पोवळ्याच्या पोटातल्या शेवाळाची गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. अव्वांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंजे घरजावई हाय. पर कमावता." बायका पदराआड हसल्या. इतकी नेमकी व्याख्या मला आमच्या एकाही ग्रंथात सापडलेली नाही.

दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी महानंदा आणि मी मुखेडला निघालो. तिथे तिचं माहेर, आणि बाजारात तिच्या भावाचं, बसवराजचं, किराण्याचं दुकान. त्याच्याकडे हातभर उंचीची, रुंद तोंडाची काचेची बरणी होती. प्रदर्शनात पोवळं ठेवायला तशीच हवी होती. अहमदपूरला गाडी बदलायची. दोन्ही बाजूंना उन्हाने भेगाळलेली काळी रानं, मधूनच एखाद्या उघड्या नदीच्या पात्रात खड्डा खणून वाटीने पाणी उपसणाऱ्या बायका. जिल्ह्याची हद्द ओलांडून आपण नांदेडात आलो हे गाडीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं म्हणून कळलं. जमिनीला काही कळलेलं दिसत नव्हतं.

मुखेडला त्या दिवशी बाजार होता. ज्वारीची पोती थोडी आणि विकायला आणलेली जनावरं फार. बसवराजने बरणीतल्या लिमलेटच्या गोळ्या एका पातेल्यात ओतल्या, बरणी कोरडीच पुसली आणि माझ्या हातात देताना विचारलं की, ताई, तुमच्या या दगडाला समुद्रापासून तोडून आणलं, तर त्याला इकडचं मानवेल का? मानवेल की, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्याच्या पोटातलं शेवाळ उजेडाप्रमाणे स्वतःला बदलतं. अंधारात असेल तर रंग वाढवून मिळेल तेवढा उजेड गोळा करतं, म्हणून कपारीतली पोवळी गडद. उघड्यावर असेल तर रंग कमी करून जास्तीचा उजेड अंगावर येऊ देत नाही, म्हणून ती फिकी. बसवराज म्हणाला, शहाणं आहे. शहाणं आहे, मी म्हटलं. या बदलाला दिवस लागतात, ते एका तासात होत नाही, हे तेवढं सांगायचं राहिलं. त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास फाट्यावर उतरून गावाकडे चालत निघालो. बरणी माझ्या कडेवर होती, बडीशेपेचा आणि लिमलेटचा वास येत होता. गावाच्या तोंडाशी टँकरसाठी भांडी लावलेली होती. घागरी, डबे, हंडे, एक फुटकं पिंप, सगळी रस्त्याच्या कडेने रांगेत. माणसं समोरच्या भिंतीच्या सावलीत. भांडं रांगेत असलं की माणूस रांगेत आहे असं धरायचं, हा तिथला कायदा. त्याला नंबर लावणं म्हणतात. रांगेत पुढून चौथी माझी निळी बादली होती. गोणपाट नाही, झाकण नाही, वर आग ओकणारं ऊन.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बरणी महानंदाकडे देऊन मी धावत गेले आणि बादलीत हात घातला. पाणी चांगलंच कोमट झालं होतं. पोवळ्याने अंग आक्रसून घेतलं होतं आणि त्यावर शेंबडासारखा बुळबुळीत थर आला होता. अव्वा सावलीतून उठून शांतपणे आल्या. सकाळी सातपासून नंबराला लावलीय, म्हणाल्या. त्यांचं म्हणणं पुढे महानंदाने मला नीट समजावलं ते असं. रिकामं भांडं वाऱ्याने कलंडतं, कुणी हळूच मागे सरकवतं, कधी चोरीलाही जातं. ही बादली भरलेली, जड, आणि आत खारं पाणी, त्याला कोण हात लावणार? नंबराला याहून चांगलं भांडं गावात नव्हतं. गोणपाट त्यांनी रांजणाला गुंडाळलं होतं, कारण ओलं गोणपाट पिण्याच्या पाण्याला लागतं, न पिण्याच्या पाण्याला कशाला?

"अन् टँकर आल्यावर?" मी विचारलं.

"ते शिळं पाणी वतून देनार व्हते," अव्वा म्हणाल्या. "त्याला बी गोडं पाणी मिळालं आसतं की. पाव्हना हाय."

गोड्या पाण्यात ते तासाभरात मेलं असतं. पण हे त्या वेळी मला धड सांगता आलं नाही. मी सत्तरीच्या त्या बाईला भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर म्हणाले की तुम्हाला काही कळतं का.  बादलीच्या जागी त्यांनी स्वतःची घागर ठेवायला घेतली, तेव्हा मागच्या बाईने नंबर बादलीचा होता, घागरीचा नाही, म्हणून वाद घातला. माझ्यामुळे त्या घराचा नंबर गेला. टँकर रांगेच्या शेवटापर्यंत पुरला नाही. त्या दिवशी शेजारणीने दोन घागरी दिल्या म्हणून घरात चूल पेटली.

संध्याकाळी मी अव्वांची माफी मागितली. त्यांनी माझ्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं आणि विषय बदलला. मला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पोवळ्याचा रंग उतरला. तिसऱ्या दिवशी माथ्यावर रुपयाएवढा डाग पांढराफटक पडला. काय होतंय ते मला माहीत होतं. कपारीतलं, अंधाराला सरावलेलं ते शेवाळ, गडद रंगाचं, मिळेल तेवढा उजेड ओढून घेणारं. त्याच्यावर मराठवाड्याचं ऊन एकदम पडलं. ते करपलं, आणि पोवळ्याने त्याला अंगाबाहेर टाकायला सुरुवात केली. कमावता जावई घर सोडून चालला होता. आत उरली ती चुनखडी आणि उपाशी प्राणी. प्रदर्शनाला बारा दिवस होते. मुली रोज शाळेत विचारत होत्या, आणि महानंदा त्यांना रोज सांगत होती की ठीक आहे. घरी आली की बादलीकडे न बघता आत जायची.

मी बादली उचलून धान्याच्या खोलीत नेली, सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात, आणि वर दुहेरी पोतं टाकलं. उन्हाने बिघडलं म्हणजे अंधाराने बरं होईल, एवढंच मला सुचलं. अप्पा या सगळ्यात आतापर्यंत कुठेच नव्हते. ते पहाटे मळ्यात जायचे ते दिवे लागताना यायचे, बोलणं बेताचं. त्या संध्याकाळी धोतराचा सोगा सावरत ते खोलीत आले, पोतं उचलून आत बघितलं.

"काय करायलीस तू ह्याला?"

मी सांगितलं.

"हे मूळचं कुठल्या सावलीतलं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच. कपारीतलं, मी म्हटलं, दिवसातून थोडाच वेळ तिरपा उजेड यायचा.

"मंग? उन्हानं भाजलेल्याला अंधारात कोंडलं तर ते भुकेनं मरंल. ऊन पाजावं लागतंय, लेकी. तान्ह्याला पाजतेत तसं. आज घोटभर, उद्या दोन घोट."

ऊन पाजणं हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पुढे त्या भागात मी तो आणखी कुणाच्या तोंडी ऐकला नाही, तेव्हा तो बहुधा अप्पांचाच असावा.

अप्पांचा पानमळा होता. विड्याच्या पानांचा. पानवेलीला ऊन सोसत नाही आणि सावलीशिवाय चालत नाही असं म्हणतात, पण अप्पांच्या मते लोक चुकीचं सांगतात. तिला मोजकं ऊन लागतं. त्यासाठी शेवरीची झाडं ओळीने लावायची, वेल त्यांवर चढवायची, आणि शेवरीच्या फांद्या छाटून किंवा ठेवून उजेड कमीजास्त करायचा. त्यांचं आयुष्य या छाटण्यात गेलं होतं. दुष्काळात शेवरीने पाला टाकला, आणि उरलेला पाला त्यांनी स्वतःच गावच्या शेळ्यांना तोडून दिला. मळा उघडा पडला. पश्चिमेच्या वेली करपून गेल्या. आता पाच ओळी राहिल्या होत्या आणि त्यांच्यावर अव्वांची जुनी लुगडी बांधली होती, हिरवी, जांभळी, काठांची. विहिरीला सकाळी थोडं पाणी पाझरायचं. ते इतकं मचूळ की डाळ शिजायची नाही, म्हणून पिण्याला टँकर आणि मळ्याला विहीर अशी वाटणी. ते थोडं पाणी अप्पा एकेका वेलीच्या बुडाशी तांब्याने घालत. वेलीमागे एक तांब्या, जास्त नाही, कमी नाही.

माझी बादली बैलगाडीतून मळ्यात गेली. अप्पांनी ती मधल्या ओळीत ठेवली. तिथे वेलींची दाटी आणि वर दुहेरी लुगडं होतं. हिरवट, पाण्याखालच्यासारखा उजेड. दोन दिवस तिथे. मग एक ओळ बाहेर, जिथे लुगडं एकेरी. मग आणखी एक ओळ. मी पंप घेऊन दिवसभर तिथेच बसू लागले. आमच्या प्रयोगशाळेत मी मलमलीचे थर लावून उजेड कमीजास्त करायचे, पण ते वहीत आकडा भरण्यापुरतं. इथे मी पहिल्यांदा नुसती बघत बसले.

एक अडचण मात्र होती. उजेड हवा म्हणून झाकण काढलं की त्या कोरड्या वाऱ्यात पाणी भराभर आटायचं. आटतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, आणि खारटपणा वाढला की पोवळं मरतं. म्हणजे समुद्रातल्या या प्राण्याला जगायला रोज गोडं पाणी लागणार होतं, तेही लातूर जिल्ह्यात, त्या वर्षी. बादलीला मी आतून एक ओरखडा करून ठेवला होता, तिथपर्यंत भरायला रोज बरोबर एक तांब्या लागायचा. मागायची मला हिंमत होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात गेले तर पाणी ओरखड्याला टेकलेलं. अप्पांनी घातलं होतं. मी अवघडून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "घरच्या पाण्यातलं न्हाई. तू काळजी करू नको." घरातलं नाही हे ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मग कुठलं, हे विचारायचं मी सोडूनच दिलं.

सहाव्या दिवशी पोवळ्याने अंग सैल केलं. भिंगातून पाहिलं तर बारीक बारीक तोंडं उघडली होती. आठव्या दिवशी पांढऱ्या डागाच्या कडेने पुसट पिवळसर छटा आली. मी अप्पांना हाक मारली. ते तांब्या घेऊन आले, उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग पुढच्या ओळीतलं एक कोवळं पान उचलून त्यांनी मला दाखवलं. मधल्या ओळीतली पानं काळपट हिरवी होती, बाहेरच्या ओळीतली पोपटी. वेल एकच, ऊन वेगळं. माझ्या पोवळ्याचंही तेच होत होतं. परत येणारा रंग पहिल्यासारखा कॉफीचा नव्हता, दुधाळ चहाचा होता. शेवाळ परतलं होतं, पण जुन्या सवयी कपारीत सोडून. त्या दुपारी मला इतका आनंद झाला की मी अव्वांना मळ्यात बोलावून आणलं. त्यांनी वाकून बघितलं. "आला का जावई," म्हणाल्या. आमचं मिटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच बरणी, बादली, अप्पा, अव्वा आणि सातवीच्या एकोणीस मुली असे आम्ही लातूरला गेलो. हॉलमध्ये बॅटऱ्यांवर चालणारे दिवे होते, कापसाचे डोंगर होते, पुठ्ठ्याचं धरण होतं. आमच्या टेबलावर गोळ्यांची बरणी आणि बरणीत बाजूंनी चहाच्या रंगाचं, माथ्यावर अजून पांढरं असलेलं पोवळं. पाठ केलेली माहिती मी सांगायला घेतली तर मुलींनी ऐकूनच घेतली नाही. त्या भिंगासाठी झुंबड करत होत्या. एकीने तोंडं उघडमीट होताना पाहिलं. मग तिने भिंग मुख्याध्यापकांच्या हातात दिलं. सर बराच वेळ वाकून होते. महानंदा माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा हात घट्ट धरला होता.

वर पांढरं का, असं त्या मुलीने विचारलं. खोटं सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. हे सकाळपासून बारापर्यंत टँकरच्या नंबरात उभं होतं, मी म्हटलं. मुली हसल्या, पण त्यांना ते लगेच कळलं. अंधारातून उठून उन्हात रांगेला उभं राहिलं की काय होतं, हे लातूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको होतं. मग दुसरीने विचारलं की हे खातं काय. मुख्यतः ऊन, मी म्हणाले.

"अन् रोज तांब्याभर पाणी पितंय," मागून अप्पा म्हणाले.

सगळे हसले, मीही हसले.

निघायच्या दिवशी मी मळ्यात अप्पांचा निरोप घ्यायला गेले. ते विहिरीवर होते. बादली जिथे जिथे ठेवली होती त्या जागा बघत मी एकेक ओळ चालत गेले आणि बाहेरच्या ओळीच्या टोकाला थांबले. तिथली शेवटची वेल वाळून शेवरीला नुसती सुतळीसारखी चिकटली होती. पानं गळून बुडाशी पडली होती. शेजारची वेल हिरवी, लुगडं दोघींवर सारखंच. उन्हाने गेलेली नव्हती. बुडाशी माती फुटली होती. बाकी प्रत्येक वेलीच्या बुडाशी तांब्याच्या पाण्याचा ओला डाग होता, इथे नव्हता.

अप्पा मागे येऊन उभे राहिले. मला विचारायचीही गरज पडली नाही.

"म्हातारी वेल व्हती, लेकी," ते म्हणाले. "एकीचं पाणी काढायचंच व्हतं, मंग तिचं काढलं."

किती वर्षांची होती, मी विचारलं.  हा मळा माझ्या बापाने लावला, एवढंच म्हणाले, आणि वाटेत खायला म्हणून ओल्या फडक्यात पंचवीस पानं बांधून दिली. पोपटी, बाहेरच्या ओळीतली. माझे डोळे भरून आले. 

परत रत्नागिरीला पोचल्यावर मी पोवळं एकदम कपारीत ठेवलं नाही. आता ते उजेडाला सरावलं होतं, अंधारही त्याला घोट घोट द्यायला हवा होता. आठ दिवस प्रयोगशाळेच्या हौदात मलमलीचे थर वाढवत नेले आणि मग ओहोटीला जाऊन ते होतं तिथे बसवलं. पाणी चढू लागेपर्यंत मी खडकावर बसून होते. समोर क्षितिजापर्यंत पाणी, आणि त्यातलं तांब्याभरही त्या वेलीच्या कामाचं नव्हतं.

नियमाप्रमाणे प्रवासाची नोंद करायची होती. आमच्या छापील तक्त्यात तारीख, तापमान, उजेड, रंग असे रकाने असतात. शेवटचा रकाना असतो, 'गोडे पाणी : स्रोत'. तिथे आम्ही सगळे 'नळ' लिहितो. मळ्यातल्या बारा दिवसांच्या बारा ओळी मी भरल्या, हा रकाना कोरा ठेवत गेले. साहेब नंतर विचारतील हे माहीत होतं. मग पेन उचललं आणि बाराही ओळींत एकच नोंद केली : पानवेल, बाहेरची ओळ, शेवटची.